धुराची नोकरी

"हे लाकूड आहे की तव्याचं बूड?" तज्ञांनी तुळईवरून बोट फिरवलं आणि काळंकुट्ट झालेलं बोट वारसा समितीला दाखवलं. समितीने माना डोलावल्या. तेवढं एक काम समितीला छान जमायचं.

काकू चुलीपुढून उठल्या नाहीत. लग्न होऊन या घरात आल्या त्याला बेचाळीस वर्षं झाली होती. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच राहत होत्या.

"अहो, धुरानंच लाकूड टिकतं," त्या म्हणाल्या. "आमच्या सासूबाई सांगायच्या."

तज्ञ हसले. एवढ्या पदव्या घेतलेल्या माणसाला कुणाच्या सासूबाईंचं काय कौतुक! दोनशे वर्षांचं घर, एक खिळा न मारता नुसत्या खाचा-खुंट्यांवर उभं केलेलं, आणि ही बाई त्यात चूल पेटवते?

"वारसा वाचवायचा तर माणसं हलवावीच लागतात," ते म्हणाले. वाक्य जसंच्या तसं ठरावात उतरलं आणि काकूंची रवानगी पुतण्याकडे झाली. तिथे त्यांना खिडकीपाशी एक खाट मिळाली. शिवाय पुतण्याची बायको रोज न चुकता विचारायची, "काकू, तुम्हाला इथं करमत नसेल ना?" करमत नव्हतंच. घराच्या आठवणीने रडू यायचं, पण तिच्यासमोर रडायचीही चोरी.

इकडे सहा सुतारांनी चार महिने राबून घर घासलं, खरवडलं, पॉलिश केलं. फीत कापली. दारावर पाटी लागली: 'पूर्वी माणसे घरात कशी राहत, ते येथे पाहा.'

दुसऱ्या वर्षी फरशीवर पिवळं पीठ सांडलेलं दिसलं. शिपाई रोज झाडायचा, रोज पुन्हा सांडायचं. वर बघतो तर काय, तुळयांना भुंगा लागलेला. तज्ञांनी त्यांच्याहून मोठे तज्ञ बोलावले. त्यांनी चौदा पानी अहवाल दिला. सार एका ओळीचं: घरात रोज चूल पेटवून धूर द्यावा.

झालं! काकूंना बोलावणं गेलं.

"दहा ते पाच धूर करायचा," तज्ञ म्हणाले. "पाचला इमारत बंद. मुक्कामाला परवानगी नाही. नियम आहे."

काकूंनी पोखरलेल्या तुळईकडे पाहिलं. आपल्याच घरात पाचपर्यंत!

"मग उपयोग काय, साहेब? भुंगा दिवसा झोपतो. लाकूड खातो तो रात्री. आता हे तुम्हाला मी काय सांगायचं!"

समितीने तज्ञांकडे पाहिलं. 'मला माहीत नाही' म्हणायला तज्ञांची जीभ काही वळेना. एवढ्या शिक्षणात तेवढं वाक्य राहूनच गेलं होतं.

"अर्थातच," ते म्हणाले. "निशाचर कीटक. मी तेच सांगणार होतो."

लगेच ठराव झाला: धूर देणाऱ्या व्यक्तीने रात्रंदिवस घरातच राहावे. माना डोलल्या.

संध्याकाळी शिपायाने काकूंची ट्रंक आत आणून ठेवली. जरा घुटमळला.

"काकू, भुंगा खरंच दिवसा झोपतो?"

काकू चूल फुंकत होत्या.

"मला काय माहीत, बाबा? रात्री मी झोपलेली असते."