साबणाचा फेस

"गाडीला ही गॅसची टाकी बसवली कुणी, ताई?" मेस्त्रीने डिकीत डोकं घालूनच विचारलं.

"धाकट्या दिराने. घरच्या घरी."

मेस्त्रीने कपाळावर हात मारून घेतला. टाकीच्या पट्ट्याला बोल्टऐवजी तार गुंडाळलेली, खाली रबराचा पत्ता नाही, नळी थेट पत्र्याला घासतेय. "अहो, बॉम्ब घेऊन फिरताय तुम्ही!"

"गाडी चालवताना मागे कुणीतरी धापा टाकतंय असं वाटतं," ताई हळूच म्हणाल्या. "मुलं तर मागे बसायलाच तयार नाहीत."

"गळती असणार, दुसरं काय!" त्याने नळीच्या सांध्याला साबणाचा फेस फासला. गॅस गळत असला की तिथे फुगा येतो; साधी गोष्ट.

फुगा आला. मग तो आत ओढला गेला. पुन्हा फुगला, पुन्हा आत गेला, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा.

"टाकीत गॅस किती आहे?"

"गॅस? तो अजून भरलाच कुठेय! गाडी पेट्रोलवरच चालतेय."

नकळत मेस्त्रीने श्वास रोखून धरला.

फुगाही अर्ध्यावर थांबला, कानोसा घेतल्यासारखा.