बदलीवर आलेली आई

सकाळी अकरा वाजता विमा कंपनीत चौकशी सुरू झाली. शाल्मलीच्या एजन्सीने बँकेला प्रोग्रामिंगसाठी दिलेला कंत्राटदार निरंजन हा खरंतर नोकरच आहे, असं ठरवून आयकर खात्याने एजन्सीकडे मोठा थकलेला कर मागितला होता. कंत्राट खरं निघालं तरच विमा कंपनी तो कर भरणार होती; नाहीतर एजन्सीला टाळं.

“कंत्राटदार स्वतःच्या जागी दुसऱ्याला पाठवू शकतो, नोकर नाही. तुम्ही कधी पाठवलंत?” विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने निरंजनला विचारलं.

“पाय मोडला तेव्हा आईला पाठवलं.”

“डबा घेऊन?”

“डबा हाच भरून द्यायचा हो मला, घरी खुर्चीत बसून,” निरंजनशेजारी बसलेल्या त्याच्या आई, कुमुदताई हसल्या. “मी बँकेचा प्रोग्राम दुरुस्त करत होते. निवृत्तीआधी मीच लिहिलेला.”

शाल्मली त्यांच्याकडे थक्क होऊन बघतच राहिली.

खात्री करायला अधिकाऱ्याने बँकेत फोन लावला. तिकडे अजून रिंगच वाजत होती.