पुढची जागा

केलनने आपल्या मिनीबसच्या काचेवर ठसठशीत अक्षरांत आईचं नाव रंगवून घेतलं होतं: 'मिस युडोरा'. शनिवारी गुयाव्हहून बाजाराला निघताना ड्रायव्हरशेजारची जागा तिचीच. तिथे दुसऱ्या कुणी बसायची टाप नव्हती.

बसला मोठी चाकं घालायची म्हणून तो गॅरेजवाल्या कथबर्टकडे गेला. कथबर्टने स्टेअरिंग पूर्ण वळवून टायर कुठे घासतो ते बघितलं आणि म्हणाला, "एक माप खालचं घे. एवढे मोठे टायर टाकलेस तर काटा वेग कमी दाखवेल, आणि गाडीही उगाच उंच होईल."

"उंचच पाहिजे," केलन म्हणाला. "रुफसच्या डबडा बससारखी जमिनीला चिकटलेली नको. आईचं नाव आहे तिच्यावर."

शनिवारी आईने जायफळांची टोपली आत सरकवली, दांडी धरली आणि नव्या चाकांनी उंच झालेल्या पायरीकडे पाय उचलला. गुडघा अर्ध्यातच अडला. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. केलन उतरून तिला उचलायला पुढे झाला, तशी ती मागे सरकली.

"भर रस्त्यात कडेवर घेतोस की काय मला? जा तू, लोक खोळंबलेत."

तिने टोपली परत ओढून घेतली. केलन आपल्या सीटवर जाऊन बसला. तेवढ्यात मागे रुफसची बस येऊन थांबली.

"काय मावशी, आज लेकाची गाडी सोडून माझ्याकडे?"

केलनने शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. खिडकीतून आईचा आवाज आला.

 

"अरे, त्याची भरलीय."