फाटकाची किल्ली

"लायटर या डब्यात टाका आणि गाडी मागे घ्या," फाटकवाली म्हणाली.

स्टिअरिंगवर साहेबांचा मेहुणा होता. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या साहेबांकडे. हे साहेब म्हणजे या सगळ्या जंगलाचे साहेब. फाटकवालीचे तर होतेच. रोजंदारीवरची तिची नेमणूक दर सहा महिन्यांनी त्यांच्याच सहीने वाढे, आणि या वेळचा कागद त्यांच्या टेबलावर अजून पडून होता.

मेहुण्याने लायटर डब्यात आपटला. साहेब हसले. "अहो बाई, ओळखलं नाहीत का मला?"

"ओळखलं ना साहेब. म्हणून तर 'मागे घ्या' म्हणतेय. दुसऱ्या कुणाला 'चालते व्हा' म्हटलं असतं."

गाडी मेहुण्याची, नवी कोरी. चाकं माणसाच्या कमरेएवढी. रस्ता सोडायचा आणि गवतातून थेट तळ्यापर्यंत चढवायची, असा बेत होता. जेवताना साहेब बोलून गेले होते, "जंगल काय, आपलंच आहे." आता मेहुण्यादेखत नाक कापलं जायची वेळ आली होती. फाटकाशेजारच्या पाटीवर मात्र ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की उन्हाळा संपेपर्यंत आत काडी पेटवायची नाही आणि गाडी रस्त्यावरून खाली उतरवायची नाही. तापलेल्या सायलेन्सरला वाळलं गवत घासलं, की काडीची गरजच उरत नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच एका हौशी गाडीने निम्मा डोंगर जाळला होता. हिरव्या फांद्यांनी झोडपून ती आग विझवणाऱ्यांत फाटकवालीही होती. तिचं डावं कोपर तेव्हापासून नीट वळत नव्हतं. त्या दिवसाचा राग अजून गेला नव्हता, आणि तो जावा असं तिला वाटतही नव्हतं.

मेहुणा खाली उतरला. आडव्या दांड्यापाशी गेला आणि साखळीत लटकणाऱ्या कुलपाकडे त्याने हात नेला.

"हात लावायचा नाही!" ती अशी कडाडली, की झाडावरचे कावळे उडाले. "सरकारी कुलूप आहे. बोट लागलं तरी नावानिशी वहीत लिहीन."

मेहुण्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. साहेबांचं हसू मावळलं.

"किल्ली द्या इकडे."

तिने गळ्यातल्या काळ्या दोऱ्याची किल्ली मुठीत धरली. "नाही देत."

"मग उद्यापासून कामावर येऊ नका. उद्या कशाला, आत्तापासूनच तुम्हाला काढलं. आता तरी द्याल?"

घरी सासू होती, शाळेतल्या दोन मुली होत्या, आणि कमावती ती एकटी. पण तिने मान खाली घातली नाही. चौकीत जाऊन तिने ताब्याची वही आणली, गाडीच्या बॉनेटवर उघडी ठेवली आणि पेन पुढे केलं.

"काढलंत ना? मग ताबा घ्या. किल्ली घेणाऱ्याची सही इथे."

साहेबांनी वही ओढली. वरची छापील ओळ त्यांनीच मंजूर केलेली होती. उन्हाळा संपेपर्यंत फाटकाच्या आत लागणाऱ्या प्रत्येक आगीला किल्ली ताब्यात असणारी व्यक्ती जबाबदार राहील. खात्यातली माणसं ते थोडक्यात सांगत, ज्याच्या हाती किल्ली त्याच्या माथी आग. साहेबांनी पेन टेकवलं. समोरच्या उतारावर गुडघाभर पिवळं गवत वाऱ्याने सळसळत होतं. गाडीचं इंजिन सुरूच होतं. बॉनेट हाताला चांगलंच गरम लागत होतं.

पेन काही पुढे सरकेना.

"दाजी, करा की सही," मेहुणा म्हणाला.

"तू गप्प बस रे!" साहेबांनी वही मिटली. घसा खाकरला. "बाई, उद्या या कामावर. नेहमीच्या वेळेला."

"येईन. माझ्या कागदावर तेवढी सही करून पाठवा. आणि पाहुण्यांचा लायटर न्यायला विसरू नका."

गाडी वळली आणि धुरळा उडवत निघून गेली. मग कुठे फाटकवाली स्टुलावर बसली. वाऱ्याने साखळी हलली, तसं कुलूप आपसूक उघडून खाली पडलं. तिने ते उचललं, धूळ पुसली आणि होतं तसं पुन्हा अडकवून ठेवलं. मग कोरा कागद घेऊन साहेबांच्या नावे चौथा अर्ज लिहिला: "फाटकाचं कुलूप दोन वर्षांपासून मोडलेलं आहे, तरी नवीन मिळावं."

पाणी प्यायला ती चौकीमागच्या आपल्या खोलीकडे गेली, आणि गळ्यातल्या त्या किल्लीने तिने आपल्या खोलीचं दार उघडलं.