रिकामी खुर्ची

"दाब काढला की क्रोमेटचा स्फटिक मूळ रचनेत परत येतो, असं माझ्या शोधनिबंधात छापलंय. तुझा आलेख उलटं दाखवतोय, तो बदल, वैदर्भी, नाहीतर प्रबंधावर माझी सही विसर."

सर खुर्चीत होते, मी उभी. त्यांच्यासमोर विद्यार्थ्यांनी बसायचं नाही, हा आमच्या प्रयोगशाळेचा रिवाज. दुसरा रिवाज असा, की दाब काढला की उपकरणातले, कणाला दाबणारे दोन हिरे लगेच पुसून ठेवायचे. त्यामुळे हिऱ्यांमधल्या कणाचं पुढे काय होतं, ते माझ्याआधी कुणी बघितलंच नव्हतं.

"हो सर" अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून मी उपकरणाचे स्क्रू सैल केले. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये आवळलेला क्रोमेटचा पिवळा खनिजकण दाबाने रचना बदलून काळपट पडला होता; मूळ रचना परत आली, तर तो पुन्हा पिवळा व्हायला हवा. दाब शून्यावर आला. मी हिरे पुसायचं फडकं भिरकावलं आणि उपकरण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. "बघा."

त्यांनी उठून पाहिलं, पुन्हा पाहिलं. कण काळपटच होता.

"थांब जरा! होईल पिवळा," ते ओरडले.

"थांबू या की, सर," मी म्हणाले, आणि त्यांचीच रिकामी खुर्ची ओढून बसले.