मिलचे पुठ्ठे

हुबळीच्या बाजारात आमचं साड्यांचं दुकान आहे. साडीच्या घडीत येणारा पांढरा पुठ्ठा तिथं कुणालाच नको असतो, म्हणून माझे सासरे, अप्पा, दर शनिवारी अशा पुठ्ठ्यांची चळत माझ्यासाठी घरी आणतात. महागाचा कागद पुढ्यात आला की माझा हात आखडतो. फुकटच्या पुठ्ठ्यावर मात्र मी जलरंगात उणकलचं तळं मनसोक्त बिघडवते.

परवा स्वतःसाठी साडी निवडायला दुकानात गेले. बऱ्याच घड्या उलगडल्या, पण आत पुठ्ठा नव्हता.

"पुठ्ठे आधीच काढून ठेवलेत का?" मी सेल्समनला विचारलं.

"कुठले पुठ्ठे, वहिनी? मिलनं ते घालणं कधीच बंद केलं."

गल्ल्यावरचे अप्पा एकाएकी वरचा पंखा बघायला लागले.

शनिवारी नेहमीसारखी चळत टेबलावर ठेवत ते म्हणाले, "या खेपेला मिलनं जरा जाड पाठवलेत. पाण्यानं वाकतात म्हणत होतीस ना."

मी वरच्या पुठ्ठ्यावर हात फिरवला. कडा कात्रीनं कापलेल्या होत्या, किंचित वाकड्या.

"मिलवाल्यांना सांगा अप्पा, फार उपकार झाले त्यांचे."

"सांगतो की," अप्पा म्हणाले. "ते सारखे विचारत असतात, तळ्याचं चित्र झालं का म्हणून."