रिकामा बाक

आमच्या प्रार्थनेला ना पाद्री, ना भजन. सगळ्यांनी गप्प बसायचं. ज्याच्या आत देव हालेल त्याने उठून बोलायचं, आणि ते बोल देवाचे म्हणून पाळायचे. म्हातारा जेथ्रो दर रविवारी उठायचा आणि एकच विचारायचा, "तुमची लेक कोणी बाजारात उभी केली तर?"

"जेथ्रो, तुझ्या देवाला दुसरं काही सुचत नाही का रे?" मी बाहेर आल्यावर ऐकवायचे.

हिवाळ्यात तो गेला. सुटले, म्हटलं. आमच्या गुलाम डायनाची पोर, फिबी, सोमवारी फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर नेऊन बार्बाडोसच्या जहाजवाल्याला विकायची होती. जेथ्रोची कटकट तरी नको.

रविवारी सगळे गप्प बसलो. आणि तोच घोगरा आवाज आला, "तुमची लेक कोणी बाजारात उभी केली तर?"

मी जेथ्रोच्या बाकाकडे पाहिलं. रिकामा. बाकीचे सगळे बसल्या जागेवरून माना वर करून माझ्याकडे बघत होते. उभी मीच होते.

"आई, खाली बस," माझा मुलगा कुजबुजला. "जहाजवाल्याला काय सांगू?"

"फिबी येत नाही म्हणून सांग, मेल्या!"

हा आवाज मात्र माझाच होता.